हवामानाचा आकडा आणि ऋतूचा निर्णय

२६ मे २०२५ रोजी नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईत दाखल झाल्याचे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईसाठी या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. म्हणजे पाऊस पंधरवड्याहून अधिक आधी आला. त्या दिवशी आपल्या पंचांगातील वैशाख अद्याप सरला नव्हता. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, या मासगणनेला धरून बसावे तर तो वसंताचा शेवट होता. उकाड्याने विचारावे तर ग्रीष्म, आणि खिडकीबाहेर पाहावे तर वर्षा. आपल्या संघटनेच्या संकेतस्थळावरील ऋतुचर्येचे पान मात्र त्या संध्याकाळी निश्चिंतपणे वसंतातील व्यायाम, जुना जव, मध आणि वमन यांविषयी उपदेश करीत होते. ते पान केवळ दिनांक पाहून बदलत असे. दिनांकाला छत्री लागत नाही.

या फजितीतून हवामानाचे मॉड्यूल आपल्या संकेतस्थळाला जोडावे, ही कल्पना पुढे आली व तिचा आम्ही पाठपुरावा केला. आज ते मॉड्यूल चालू आहे, त्याचे गुणदोष आम्ही जवळून पाहिले आहेत, आणि येत्या बैठकीत त्याच्या पुढील खर्चाचा व विस्ताराचा प्रस्ताव विचारार्थ येणार आहे. तत्पूर्वी वैद्यवर्ग आणि औषधनिर्माते या दोहोंपुढे आमचे मत स्पष्ट शब्दांत ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवामानाची माहिती पुरवणाऱ्या अनेक संस्थांचे संगणक ठरावीक पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाला ठरावीक पद्धतीने उत्तर देतात. या सोयीला एपीआय म्हणतात. आपल्या संकेतस्थळाने एखाद्या गावाचे अक्षांश-रेखांश पाठवायचे. समोरून तापमान, सापेक्ष आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग व दिशा यांचे आकडे येतात. काही सेवा त्यासाठी आधी नोंदणी करून एक गुप्त किल्ली देतात. ती किल्ली पाठवल्याशिवाय उत्तर मिळत नाही आणि दिवसाला किती प्रश्न विचारता येतील यालाही मर्यादा असते. ओपन-मीटिओसारखी सेवा व्यापारेतर वापरासाठी किल्लीशिवायही माहिती देते, मात्र श्रेयनिर्देशाची अट घालते. आपला भारतीय हवामान विभागही परवानगी घेऊन व विचारणाऱ्या संगणकाचा पत्ता नोंदवून अशी सोय करून देतो. हा विभाग १८७५ साली स्थापन झालेला. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरातील ती वास्तू अद्यापही 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. पुण्यातील आपल्यापैकी कित्येक वैद्य रोज त्या चौकातून जातात, पण तेथील आकडे आपल्या व्यवसायाच्या उपयोगाचे आहेत हे आपल्या लक्षात यायला संकेतस्थळाची फजिती व्हावी लागली.

मॉड्यूल तयार करणारा तरुण पहिल्याच भेटीत वही उघडून बसला आणि त्याने विचारले, "ग्रीष्म किती अंशांना सुरू होतो, सर?" आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो. प्रश्न त्याच्या बाजूने अगदी रास्त होता. संगणकाला नियम हवा असतो: इतके मिलिमीटर पाऊस झाला की वर्षा, इतके अंश ओलांडले की ग्रीष्म. असा नियम आम्ही त्याला दिला असता तर चैत्रातील एका अवकाळी सरीनंतर पानावर वर्षा ऋतू झळकला असता आणि कोणा भाविक वाचकाने बस्तीसाठी वैद्याचे दार ठोठावले असते. शास्त्राने ऋतू अंशांत मोजलेला नाही. तो मासांनी सांगितला, सूर्याच्या अयनाने सांगितला, आणि त्याच वेळी लक्षणांनीही सांगितला. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्याध्याय काढून पाहा: वसंतात दक्षिणेचा वारा, ग्रीष्मात नैर्ऋत्येचा, प्रावृट् ऋतूत पश्चिमेचा, हेमंतात उत्तरेचा. त्याखेरीज आकाश, वनस्पती, जलाशय, पशुपक्षी. गंमत अशी की वाऱ्याची दिशा ही एपीआय देतेच, तीही ज्या दिशेकडून वारा येतो ती. २७० अंश म्हणजे पश्चिमेचा वारा. म्हणजे सुश्रुताचे एक लक्षण तरी यंत्रातून थेट वाचता येते. कमळे उमलली की नाहीत हे मात्र कोणतीही सेवा कळवत नाही.

शिवाय ऋतू एका दिवसात पालटत नाही. वाग्भटांनी ऋतुसंधी सांगितला तो जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. पूर्वीची चर्या हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. हा चौदा दिवसांचा विचार संगणकाला शिकवता येतो: आजचा आकडा न पाहता मागील सात दिवसांची सरासरी पाहावी आणि पुढील सात दिवसांचा अंदाज तिच्या शेजारी मांडावा. एवढे केले तरी क्षणिक चढउताराने पान हेलकावत नाही. आमच्या मते या सगळ्या उद्योगात हीच सर्वांत उपयुक्त गोष्ट हाती लागली, आणि ती आधुनिक तंत्राने दिलेली नसून अष्टांगहृदयातच होती.

दुसरी गोष्ट कालाच्या अतियोग, अयोग आणि मिथ्यायोगाची. चरकाच्या सूत्रस्थानात रोगाच्या त्रिविध कारणांत काल गणला आहे: ऋतूची स्वलक्षणे प्रमाणाबाहेर दिसली तर अतियोग, कमी पडली तर अयोग, विपरीत झाली तर मिथ्यायोग. आता 'प्रमाणाबाहेर' म्हणायचे तर प्रमाण काय, हे ठाऊक हवे. हवामानशास्त्र येथे आपल्याला खरी मदत करते. एखाद्या स्थानाचे १९९१ ते २०२० या तीस वर्षांचे सरासरी तापमान व पाऊस उपलब्ध असतात. त्यांच्याशी चालू आठवड्याची तुलना केली की विचलन दिसते. निव्वळ ३८ अंश हा आकडा वैद्याला फारसे काही सांगत नाही. अकोल्यात एप्रिलमध्ये तो सौम्य, रत्नागिरीत तोच असह्य. सरासरीपेक्षा चार अंश अधिक, आणि तेही सलग आठ दिवस, असे कळले तर वैद्य सावध होतो. म्हणून आम्ही असा आग्रह धरला की पानावर एका बाजूला पंचांगाप्रमाणे चालू ऋतू, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष लक्षणे व त्यांचे सरासरीपासूनचे अंतर, एवढेच असावे. दोन्ही जुळली तर उत्तम. न जुळली तर निर्णय वैद्याचा.

ही तुलना करताना एक खाचखळगा आहे तो सांगितलाच पाहिजे. हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतो, म्हणजे त्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ. परदेशी सेवांचा दिवस पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेने मध्यरात्री पालटतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. एकाच रात्रीचा मुसळधार पाऊस एकाच्या हिशेबात सोमवारी पडतो, दुसऱ्याच्या हिशेबात मंगळवारी. आमच्या पहिल्या महिन्याच्या तक्त्यात हा घोळ होता व तो दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. त्याहून आधी तर पहिल्या चाचणीत पानाने तापमान ३०३ अंश दाखवले होते. सेवा केल्विनमध्ये उत्तर देत होती आणि ते कोणी पाहिले नव्हते. तो आकडा पाहून सगळे हसले, म्हणून तो लगेच सापडला. हसू न येण्यासारख्या चुका अधिक वाईट.

देशाचा विचार हा याहून महत्त्वाचा. मॉड्यूलमध्ये आरंभी जिल्हा निवडण्याची सोय होती, कारण जिल्ह्यांची यादी आयती मिळते. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईला यावे तो त्याचा लहानसा अंश उरतो. आणि त्याच जिल्ह्याचा माण तालुका दुष्काळासाठी प्रसिद्ध. आनूप आणि जांगल देश एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत नांदतात. 'सातारा' म्हणून एकच आकडा दाखवणे म्हणजे दोन रुग्णांच्या नाडीची सरासरी काढून तिसऱ्याला औषध देणे. आम्ही तालुक्यांची यादी हाताने भरून घेतली. तरीही घाटमाथ्यावर शंका राहतेच, कारण बहुतेक सेवांचे आकडे त्या गावी ठेवलेल्या उपकरणाचे नसतात. काही किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनासाठी गणिताने काढलेले ते अनुमान असते, आणि त्या चौकोनात डोंगराचा माथा आणि पायथा दोन्ही येऊ शकतात. 'आत्ताचे तापमान' असे शीर्षक वाचून प्रत्यक्षाचा भास होतो. ते प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. प्रमाणांचा हा भेद आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

आता औषधनिर्मात्यांकडे वळू, कारण मॉड्यूलचा दैनंदिन उपयोग वैद्यांपेक्षा त्यांनाच अधिक आहे, आणि हानीही त्यांचीच झाली.

चूर्णे दोन महिन्यांत हीनवीर्य होतात, गुटिका व लेह वर्षभराने, हे शार्ङ्गधरांचे वचन आपण सर्व जाणतो. आज आपण हवाबंद पुड्यांच्या बळावर आणि नियमांनी दिलेल्या मुदतीप्रमाणे चूर्ण याहून पुष्कळ अधिक काळ विकतो. ते बळ भरण्याच्या दिवशी खोलीत किती ओल होती यावर अवलंबून असते. शुद्ध मिठाची गोष्ट घ्या: सभोवतालची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. समुद्रलवणात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलसर होते. यवक्षाराविषयी तर बोलायलाच नको. लवणभास्कर, हिंग्वष्टक अशी लवणयुक्त चूर्णे पावसाळ्यात गोळा होतात ती यामुळे. त्यांची भरणी कोणत्या दिवशी करावी, गुग्गुळकल्पांच्या वट्या कोणत्या आठवड्यात वळाव्यात, आसवारिष्टांच्या संधानाला थंडीत किती दिवस अधिक द्यावेत, हे सारे ठरवण्यास पुढील चार दिवसांचा अंदाज उपयोगी पडतो.

परंतु आकडा वाचता आला पाहिजे. पानावर बाहेरची आर्द्रता ९५ टक्के दिसते व तापमान २५ अंश. फार्मसीवाला घाबरून काम थांबवतो. वस्तुतः हीच हवा ३० अंश तापलेल्या खोलीत आली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७१ टक्के होते, कारण उष्ण हवा अधिक बाष्प धरू शकते. उलट ज्यांनी खोली वातानुकूलित यंत्राने २२ अंशांवर ठेवली आहे त्यांनी थंड बरणी बाहेर आणून झाकण उघडले तर तिच्या अंगावर आणि आतही दव धरते. या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणून पानावर सापेक्ष आर्द्रतेपेक्षा दवबिंदू ठळक अक्षरांत दाखवावा, ही आमची सूचना मान्य झाली याचे आम्हांस समाधान आहे. आणि तरीही भरणीच्या खोलीत भिंतीवर आर्द्रतामापक हवाच. त्याला फार पैसे पडत नाहीत. बाहेरचे आकाश संगणकाने सांगावे, आतली खोली मापकाने.

गेल्या पावसाळ्यात जे घडले ते येथे लपवणे योग्य होणार नाही. मॉड्यूलसाठीची किल्ली त्या तरुणाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर घेतली होती. त्यात त्याचा दोष नव्हता; संघटनेचा स्वतंत्र ई-मेल पत्ता मागून त्याला दीड महिना मिळाला नव्हता, हे आम्ही जाणतो. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली, खात्याकडे लक्ष राहिले नाही आणि जुलैच्या आरंभी किल्ली बंद झाली. सेवेवर ताण पडू नये म्हणून मागील उत्तर साठवून ठेवण्याची योजना मॉड्यूलमध्ये होती. ती योजना शहाणपणाची. प्रत्येक वाचकामागे नवा प्रश्न पाठवला तर मर्यादा दुपारपर्यंत संपेल. पण साठवलेले उत्तर किती शिळे झाले आहे हे पानावर लिहिण्याचे कोणाला सुचले नव्हते. परिणामी एका उघडिपीच्या दुपारचे ३१ अंश आणि ५८ टक्के आर्द्रता हेच आकडे एकोणीस दिवस जसेच्या तसे झळकत राहिले. बाहेर संततधार चालू होती.

आपल्याच एका सभासद फार्मसीने त्या आकड्यांवर भिस्त ठेवून लवणभास्कर चूर्णाचे पिंप फोडले आणि दोन दिवस पुड्या भरल्या. महिन्याभरात दुकानदारांकडून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. पुडीत चूर्ण नव्हते, खडे होते. मालकांनी संघटनेला एक पत्र लिहिले. त्यात राग नव्हता, हिशेब होता. तेच अधिक लागले. खिडकीबाहेर पाऊस दिसत असता पानावर विश्वास कसा ठेवला, असे काही सभासद म्हणाले. हा प्रश्न विचारणे सोपे आहे. आमचे उत्तर असे की पान संघटनेचे होते, त्यावर संघटनेची मुद्रा होती, आणि भरणीच्या खोलीला खिडकी नसते.

हा अनुभव ताजा असता बैठकीपुढे येणारा दुसरा प्रस्ताव आम्हांस चिंताजनक वाटतो. एका औषध कंपनीने मॉड्यूलचा सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. मोबदला म्हणून हवामानाच्या आकड्यांवरून रुग्णांच्या भ्रमणध्वनीवर आपोआप संदेश जावेत: आर्द्रता वाढली, अमुक कल्प घ्या, तापमान चढले, तमुक पेय घ्या. प्रस्तावाची भाषा ऋतुचर्येची आहे आणि पैशांची अडचण खरी आहे, म्हणून अनेकांना त्यात गैर वाटत नाही. आमचा त्याला विरोध आहे.

वर्षेत वाताचा प्रकोप होतो हे खरे. पण तो कोणाच्या ठायी, कोणत्या अग्नीवर, कोणत्या वयात, याचे उत्तर अक्षांश-रेखांशांत नसते. चरकाने विमानस्थानात शोधनासाठी प्रावृट् धरून ऋतूंची वेगळी मांडणी केली आणि तेथेच आत्ययिक अवस्थेत ऋतूचे गुण कृत्रिमरीत्या पालटून कर्म करण्याची मुभाही वैद्याला दिली. ज्या शास्त्राने ऋतूचाच नियम रुग्णासाठी वाकवायला सांगितले, त्याच्या नावाने तालुक्यातील प्रत्येकाला एकच संदेश धाडणे हे शास्त्राला धरून नाही. ज्या मधुमेही आजोबांना लवणयुक्त वा शर्करायुक्त कल्प वर्ज्य आहे त्यांनाही तो संदेश जाईल. एकोणीस दिवस गोठलेल्या आकड्याने एका फार्मसीचे पिंप बिघडवले. तसाच गोठलेला आकडा पुढे औषधयोजना करू लागला तर परत येणारे गठ्ठे पुड्यांचे नसतील.

व्यावहारिक बाजूही आहे. पानावर औषधविक्री आली की व्यापारेतर वापराच्या सवलती आपल्याला लागू राहणार नाहीत व सेवेचे शुल्क भरावे लागेल. रुग्णांचे क्रमांक आणि ठिकाणे एकत्र साठवली की २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे उत्तरदायित्व संघटनेवर येईल. आज आपण केवळ तालुक्याचे अक्षांश-रेखांश बाहेर पाठवतो, वाचकाचे काहीही नाही. ही स्थिती सोडू नये.

सामान्य वाचकासाठी पानावर काय असावे, याबाबत आम्ही हट्टी नाही. उष्णतेची लाट असता भर दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा, पहिल्या पावसानंतर पाणी उकळून घ्या, एवढे सर्वांना सांगता येते. कल्पाचे नाव आले की तेथे वैद्य हवा.

पैशांचे काय, असे विचारले जाईल. वर्षाचा खर्च सभासदसंख्येने भागला तर प्रत्येकी एका अरिष्टाच्या बाटलीहून कमी येतो. आम्ही कोषाध्यक्षांकडून हा हिशेब तपासून घेतला आहे. तो वर्गणीतून भरावा. किल्ली आणि खाते संघटनेच्या नावे असावे, त्याचे अधिकार दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि ते पद सोडताना दप्तरासोबत लेखी हस्तांतरित व्हावेत. किल्ली पानाच्या संहितेत न ठेवता संगणकाच्या मागील भागात ठेवावी, अन्यथा कोणीही ती वाचून वापरू शकतो. उत्तर मिळाल्याची वेळ प्रत्येक आकड्याखाली भारतीय वेळेनुसार दिसावी आणि सहा तासांहून जुने उत्तर असल्यास आकडाच पुसला जाऊन तेथे 'माहिती उपलब्ध नाही' असे यावे. रिकामी जागा पाहून फार्मसीवाला खोलीबाहेर जाऊन आकाश तरी पाहील.

ज्या सभासदांकडे आर्द्रतामापक व तापमापक आहेत त्यांनी ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत रोज सकाळी साडेआठ वाजता एक नोंद करून महिन्याअखेरीस संघटनेच्या कार्यालयात पाठवावी, अशी आमची विनंती आहे. घाटमाथा, कोकणपट्टी आणि माणदेशाकडील नोंदी विशेष हव्यात. पानावरील अनुमान आणि तुमच्या भिंतीवरील प्रत्यक्ष यांत किती अंतर पडते, ते पुढील अंकात तालुक्यांनुसार छापू. पत्र लिहिणाऱ्या त्या फार्मसीच्या मालकांनी पहिली नोंदवही आधीच सुरू केली आहे.